जांभळ्या निशाणावरचा बेलिफ

वसुबारस. दिवाळीच्या सुट्टीमुळे टेकडी ओस पडली होती. विद्यापीठाच्या आवारात एक बंद गाडी आली आणि बेलिफला घेऊन गेली. जबाबदार : मालमत्ता अधिकारी.

भाऊबीज. माजी विद्यार्थ्यांना परिपत्रक आले. कुत्र्याची आकृती विद्यापीठाचे चिन्ह म्हणून यापुढे कोणीही, कोठेही, ‘खासगी निवासस्थानांसह’, लावू नये; तिच्या जागी पंख पसरलेला सोनेरी गरुड आला आहे. जबाबदार : प्रतिमा-संवर्धन समिती, आणि तिच्या वतीने सही करणारे कुलसचिव.

त्रिपुरी पौर्णिमा. मी कुलसचिवांना पहिले पत्र पाठवले. त्यामागून आणखी दोन गेली. उत्तर नाही.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. माजी विद्यार्थी संघाच्या चिटणिसांनी माझ्या तिसऱ्या पत्राची प्रत वाचून मोबाइलवर जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले. जबाबदार : ते स्वतः.

व्यक्तींची नावे मी लिहीत नाही. माणसे बदली होऊन जातात, निवृत्त होतात, सत्कार घेतात. जबाबदारी पदाला चिकटून राहते आणि माझे भांडण पदांशी आहे.

बेलिफ म्हणजे न्यायालयाचे समन्स दारोदार बजावणारा कर्मचारी. आमचा बेलिफ चार पायांचा होता. अंगाने तांबूस, पायांत पांढरे मोजे चढवल्यासारखा, उजवा कान कायमचा मुडपलेला, असा गावठी कुत्रा. त्याला एक सवय होती. बंद दारासमोर तो बसे आणि आतला माणूस बाहेर येईपर्यंत हलत नसे. करार-कायदा शिकवणारे आमचे एक सर तास बुडवून, खोलीला आतून कडी लावून वर्तमानपत्र वाचत बसत. बेलिफ त्यांच्या उंबऱ्यापाशी दिसला की विधी विभागाच्या आम्हा मुलांना समजे, सर आत आहेत. ‘समन्स बजावायला आलाय,’ असे कोणीतरी म्हणाले आणि बारसे झाले. पुढे क्रीडामहोत्सवाच्या निशाणावर मुलांनी त्याचे चित्र रंगवले, विद्यापीठाने त्याला मान्यता दिली, आणि जांभळ्या कापडावरचा पिवळा बेलिफ ही आमची ओळख झाली. तो गेला तेव्हा दुसरा आला, मग त्यानंतरचे. टेकडीवर बेलिफ हे पद आहे आणि ते रिक्त राहत नाही. म्हाताऱ्या बेलिफने ज्या कुत्र्याला विधी विभागाच्या पायरीवर आपल्याशेजारी बसू दिले, तो पुढचा. महोत्सवाच्या उद्घाटनाला वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशी त्याच्या गळ्यात जांभळी पट्टी बांधतात. वारसाहक्काचा इतका निर्विवाद निवाडा मी कोणत्याही दिवाणी न्यायालयात पाहिलेला नाही.

हे सारे मी लिहितो आहे यान्बूहून, सौदी अरेबियातल्या, तांबड्या समुद्राकाठच्या कारखान्यांच्या गावातून. येथे थंडीची चाहूल कानाला लागते. उन्हाळाभर अहोरात्र घरघरणारा एसी एके सकाळी बंद होतो, आणि इतक्या महिन्यांच्या आवाजाखाली दबलेले घर अचानक बोलू लागते. भिंतीवरचे घड्याळ ऐकू येते. शेजारच्या घरातली फोडणी ऐकू येते. “अहो, उघडू का?” असे विचारत सुमती, माझी पत्नी, गॅलरीचे सरकते दार ढकलते आणि खारट, किंचित गंधकाचा वास असलेला, पण गार असा वारा आत येतो. दूर शुद्धीकरण कारखान्याच्या धुराड्यावरची ज्योत त्या वाऱ्याने एका बाजूला कललेली असते. भारतातल्या लोकांना या थंडीचे हसू येईल. अंगावर साधी शाल पुरते. मला मात्र तेवढ्याने टेकडी आठवते : पिवळे पडलेले कंबरभर गवत, पहाटे त्यावर बसलेले दव, खो-खोच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने मारलेल्या ओल्या रेघा, आणि मेसच्या मागच्या दारातून येणारा, चुलीवर करपत चाललेल्या पिठल्याचा खरपूस वास. त्या दारापाशी बेलिफ. तेथे समन्स कोणावर बजावायचे होते ते सांगायला नको.

त्या वर्षांतला एकच हिवाळा माझ्या मनात अखंड उभा राहतो. मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला होतो. आंतरविद्यापीठ खो-खोचे सामने आमच्या मैदानावर होते, आणि सरावभर बेलिफ खांबापाशी बसून पाहत होता. ‘खो’ म्हटले की बसलेला उठतो आणि पळतो, एवढे त्याने पाहून पाहून शिकून घेतले. उपांत्य सामन्यात आमच्या गड्याने ‘खो’ दिला. गडी उठला, त्याच्याबरोबर बेलिफही उठला, आणि समोरच्या संघाचा चपळ पोरगा गड्याला चुकवून वळतो तो थेट बेलिफसमोर. तो दचकला, थबकला, बाद झाला. मैदान दणाणले. पाहुण्यांचे व्यवस्थापक लाल चेहऱ्याने पंचांकडे धावले आणि आम्ही विधी विभागाचे सहाजण त्यांच्या मागोमाग.

“सर, नियमपुस्तकात कुत्र्याला मज्जाव असल्याचं कलम दाखवा,” मी पंचांना म्हणालो.

“आणि तो आमच्या विद्यापीठाचा रहिवासी आहे,” मागून कोणीतरी भर घातली. “त्याचा पत्ता हाच आहे.”

पंच शांत गृहस्थ होते. “पोरांनो,” ते म्हणाले, “युक्तिवाद उत्तम. गडी नाबाद.” आम्ही तो सामना एका गुणाने हरलो. संध्याकाळी पाहुण्यांची गाडी निघाली तेव्हा बेलिफ नेहमीप्रमाणे फाटकापर्यंत पोचवायला गेला, आणि ज्याला त्याने मैदानात दचकवले होते त्या पोरानेच खिडकीतून त्याला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी टाकली. विद्यापीठाविषयीची निष्ठा म्हणजे काय, यावर मी पुढे पुष्कळ भाषणे ऐकली. त्या फाटकापाशी उभे असताना जे वाटले त्याच्या जवळपास त्यांतले एकही पोचत नाही. आम्ही हरलेले होतो, पाय दुखत होते, आणि तरी आमच्याकडे कोणीतरी असे होते की ज्याच्यासाठी परके लोकही बस थांबवत होते.

त्या हिवाळ्याचा दुसरा साक्षीदार इब्राहिम. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, वाणिज्य शाखेचा, वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीतला. आज यान्बूच्या जुन्या बाजारात त्याचे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान आहे, आणि माझ्याआधी तोच येथे आला. दर शुक्रवारी तो वजू करून, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन, धुतलेले कपडे घालून टेकडी उतरून गावातल्या मशिदीत जाई. नमाजाच्या कपड्यांना कुत्र्याचे ओले नाक लागून चालत नाही. बेलिफ त्याच्याबरोबर खालच्या वडापर्यंत जाई, पण बरोबर हातभर अंतर ठेवून. इतर दिवशी हाच कुत्रा इब्राहिमच्या पायांत पाय घालून चाले आणि त्याच्या डब्यातल्या सुरमईचे काटे चाटून लख्ख करी. “मी त्याला कधी हाकलला नाही रे,” इब्राहिम अजून सांगतो. “तो आपला आपणच लांबनं चालायचा. माझा वजू माझ्यापेक्षा तो जास्त जपायचा.” हे सांगताना तो दरवेळी हसतो.

येथल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात आम्हा दोघांना निशाणाची हुक्की आली. जुन्या बाजारात एक पाकिस्तानी शिंपी भरतकाम करून देतो. त्याच्याकडे आम्ही बेलिफचा एकमेव फोटो नेला. त्यात बेलिफ हलला होता, त्यामुळे तांबूस ढगाला शेपूट फुटल्यासारखे दिसत होते.

“कौन सी नस्ल है, साब?” शिंप्याने विचारले.

“नस्ल-वस्ल कुछ नहीं,” इब्राहिम म्हणाला, “अपने गाँव का है.”

“गाँव का?” शिंप्याने मान डोलावली. “फिर तो शिकारी होगा.”

आठवड्याने निशाण हातात आले. जांभळा रंग अचूक, पिवळा धागा झळझळीत, आणि मधोमध एक सलुकी : मूठभर कंबर, लांबलचक पाय, कानांवर रेशमी झुलपे. वाळवंटात सशामागे सोडतात ती खानदानी शिकारी जात. शिंप्याच्या गावातला कुत्रा तसाच असणार. इब्राहिम तेथल्या स्टुलावर बसून पोट धरून हसू लागला. “वकिला, आपण दोघं इथं येऊन काळे पडलो, सुटलो, हा बघ कसा देखणा झाला!”

मला हसू आले नाही. वर्णनाशी न जुळणारा माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला असतो, हे मी शिंप्याला माझ्या हिंदीत समजावून सांगू लागलो. तो बिचारा लगेच उसवायला तयार झाला. इब्राहिमने निशाण त्याच्या हातून काढून घेतले. “राहू दे. परदेशात आलाय, इथला पोशाख घातलान त्याने. आपण नाही घातला?” त्या एका वाक्यावर माझा दावा निकालात निघाला. तेव्हापासून आमच्या गॅलरीत दर हिवाळ्यात हा सडपातळ बेलिफ फडकतो, आणि मूळ बेलिफचा मुडपलेला कान कसा होता हे मी प्रत्येक पाहुण्याला बोट मुडपून दाखवतो.

निशाण लावण्यापूर्वी मी इमारतीच्या व्यवस्थापकांना रीतसर अर्ज केला होता. परक्या देशात गॅलरीवर काही फडकवायचे तर परवानगी हवी. विद्यापीठ म्हणजे काय, त्याचा कोणत्याही राष्ट्राशी वा पक्षाशी संबंध नाही, कापडाची लांबी-रुंदी किती, वाऱ्याने ते कोणाच्या गाडीवर पडल्यास भरपाई कोणाची, हे सारे दोन पानांत अरबी भाषांतरासह लिहिले. व्यवस्थापक तरुण सौदी गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही पाने वाचली, वर पाहिले आणि विचारले, “कुत्रा तुमचा?”

“माझ्या विद्यापीठाचा.”

“म्हणजे तुमचाच,” ते म्हणाले. “या अम्म, मा फी मुश्किल.” काका, काही अडचण नाही. आणि अर्जावर तसे लिहून सही दिली.

आता पाहा. ज्या देशात माझा इकामा, माझा राहण्याचा परवाना, मुदत संपत आली की दरवेळी नव्याने मागावा लागतो, तेथे मला उभ्या उभ्या उत्तर मिळाले. ज्या विद्यापीठाचा विद्यार्थी असणे बिनमुदतीचे आहे अशी माझी समजूत होती, त्याच्याकडून तीन पत्रांना मौन. आणि ते मौन ज्यांनी पाळले त्यांनीच माझ्या राहत्या घराच्या गॅलरीवर बंदीहुकूम काढावा! कुलसचिव महोदय, विद्यापीठाच्या कायद्याने आपले अधिकारक्षेत्र टेकडीच्या कुंपणाशी संपते. समुद्रापलीकडच्या माझ्या दोरीवर काय वाळते, हे पाहण्याचा अधिकार आपणांस कोणत्या कलमाने मिळाला?

मी अविवेकी माणूस नाही. शिक्षणसंस्थांच्या आवारात मोकळी कुत्री असू नयेत, असे कायदा म्हणत असेल तर मी तो मानतो. ज्या आईच्या मुलाला कुत्रा चावला तिची बाजू मी त्या टेकडीवरूनसुद्धा मांडीन. पण हटवणे वेगळे आणि नाहीसे करणे वेगळे. जप्त केलेल्या मोडक्या सायकलीचीसुद्धा पोचपावती मिळते. बेलिफला कोठे नेले, कोणाच्या ताब्यात दिले, तो खातो-पितो का, याबद्दल एक ओळ नाही. सुट्टीहून परतलेल्या मुलांनी फाटकावर विचारले तर ‘वरून आदेश आहे’. नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आम्ही त्याच इमारतीत शिकलो : दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. ज्या पायरीवर बसून बेलिफच्या पिढ्यांनी ते व्याख्यान दरवर्षी ऐकले, त्याच पायरीवरून त्याला उचलण्यात आले.

यंदा एसी बंद झाला त्या सकाळी आर्या माझ्याआधी निशाणाच्या ट्रंकेपाशी पोचली होती. ही माझ्या मुलाची मुलगी. येथल्या भारतीय शाळेत जाते, आमच्याकडेच राहते. मराठी सगळे कळते, उत्तर तिच्या सोयीने येते. निशाणाचे एक टोक धरून ती म्हणाली, “आजोबा, इस साल वाला बेलिफ कैसा दिखता है? रिअल वाला?”

“तांबूसच आहे म्हणे. कान मात्र दोन्ही ताठ.”

“और अभी वो किधर है?”

मी आयुष्यभर लोकांना कराराचे अर्थ सांगितले. त्या प्रश्नावर मला, “पत्र पाठवलंय,” एवढेच सांगता आले.

“रिप्लाय आया?”

“नाही.”

“तो फिर से लिखो ना,” ती सहज म्हणाली, आणि निशाणाची घडी झटकू लागली. सुमती स्वयंपाकघरातून म्हणाली, “ऐकलंत? आणखी लिहा म्हणून सांगणारी भेटली एकदाची. मी तर थांबा म्हणून थकले.”

आमचा विद्यापीठदिन टेकडीवर रविवारी असतो. येथे रविवार कामाचा, म्हणून आम्ही तो आधीच्या शुक्रवारी, दुपारची नमाज झाल्यावर साजरा करतो. त्यामुळे यान्बूत आमचे विद्यापीठ दरवर्षी दोन दिवस आधी जन्माला येते. परिपत्रकानंतर यंदा कोणी येईल का, ही शंका मला होती. नाशिकच्या एका तरुण अभियंत्याने फोनवर सांगितलेच, “काका, कशाला वाद? पुढं पदवीची प्रमाणपत्रं, पडताळणी, सगळं त्यांच्याच हातात. मी जांभळ्याऐवजी पांढरा शर्ट घालून येतो.”

इब्राहिमने माझ्या हातातून फोन घेतला. “अरे बाबा, पांढरा घालशील तर जेवणात बिर्याणीऐवजी तुला गरुड वाढीन.” आणि ठेवून दिला.

शुक्रवारी दुपारी मी गॅलरीत उभा होतो. पहिली गाडी थांबली आणि तिच्यातून तोच अभियंता उतरला. शर्ट पांढरा होता खरा. त्याच्या बायकोची साडी जांभळी होती, दोन्ही मुलांच्या गालांवर पिवळे कुत्रे रंगवलेले होते, आणि तो स्वतः वर पाहून ओरडला, “काका, मी एकटाच तटस्थ आहे!” त्याच्यामागून बाकीचे आले. सौदीतल्याच खमीस मुशैतच्या डोंगराळ भागातून एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खिडकीचा फोटो पाठवला : जांभळी ओढणी, तिच्यावर कागदाचा बेलिफ. हफ्र अल बातिनहून एकाने आपल्या दुकानाच्या शटरचा. कोणाचा बेलिफ बोक्यासारखा होता, कोणाचा सरळ सरळ गाढवासारखा. एकही दुसऱ्याशी जुळत नव्हता, आणि कोणालाही तो ओळखायला क्षणाचा वेळ लागला नाही. प्रतिमा-संवर्धन समितीने एवढ्या निरनिराळ्या आकृत्यांवर बंदी घालायची तर तिला आणखी एक समिती नेमावी लागेल.

मग टेकडीवरच्या मुलांनी आम्हांला व्हिडिओ कॉल लावला. विधी विभागाच्या पायरीवर ती बसली होती, गळ्यांत जांभळे रुमाल, आणि मधली जागा त्यांनी मोकळी सोडली होती. त्यांच्यात शेवंता मावशी होत्या. कित्येक बेलिफांच्या गळ्यांत पट्टी बांधून मागल्या वर्षी त्या मेसमधून निवृत्त झाल्या; टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे घर आहे.

“दादा,” मावशी पडद्याच्या फार जवळ येऊन म्हणाल्या, “कुत्रं टेकडीवर नगं म्हनत्यात, नसू दे. माझ्या अंगनात ऱ्हाईल की. लस, पट्टा, समदं मी करते. खाली बसंल, पोरं येता-जाता बघतील. फाटकावरचा साहेब म्हनतोय, लेखी आना. मला कुटं लिवता येतंय?”

“मावशी, मी लिहितो.”

“लिवा. आन् जरा जोरात लिवा.”

पायरीवरची सगळी मुले हसली, इकडे आमची गॅलरी हसली, आणि आर्याने अभियंत्याच्या मुलांना घेऊन ‘खो! खो!’ करत बैठकीच्या खोलीत इतका गोंधळ घातला की खालून हारिस, आमचा रखवालदार, काय झाले ते पाहायला वर आला. त्याला बिर्याणीचे ताट देऊन इब्राहिमने निशाणाची सारी कथा अरबीत ऐकवली. तोही हसला आणि गॅलरीत जाऊन सुटलेली एक दोरी नीट बांधून गेला.

त्या दुपारपासून माझा राग कमी झालेला नाही. पण त्याला आता सोबत आहे. पूर्वी पत्र लिहिताना मला वाटे, मी एका संपलेल्या हिवाळ्याची वकिली करतो आहे. पायरीवरची ती मुले पाहिल्यावर कळले की हिवाळा चालू आहे आणि पक्षकार जिवंत आहेत. ज्यांचा जन्म माझ्या पदवीनंतर दोन-तीन दशकांनी झाला, त्यांनी एका कुत्र्याएवढी जागा मोकळी ठेवून बसावे, याहून मोठी मान्यता कोणत्याही विद्यापीठाला मिळालेली नाही.

मावशींचा अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. मुलांनी त्याची छापील प्रत नेऊन आवक-जावक विभागात दिली आणि शिक्का घेतला. त्यालाही उत्तर नाही. म्हणून खासगी पत्रव्यवहार मी येथे संपवतो आणि हे छापायला देतो.

कुलसचिव महोदय, आता उत्तर मला देऊ नका. दीक्षान्त समारंभाला सभागृह भरलेले असेल, पदवी घेणारी मुले आणि त्यांचे आईबाप समोर असतील. आपल्या त्या गरुडाच्या पडद्याखाली उभे राहून, ध्वनिक्षेपकावरून, सर्वांना ऐकू जाईल असे सांगा : बेलिफ जिवंत आहे का? तो कोणाच्या ताब्यात आहे? आणि शेवंता मावशींच्या अंगणात आपण त्याला कोणत्या दिवशी पोचवणार आहात? दिवस सांगा. ‘लवकरच’ हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.